लोकप्रशासनाच्या नोट्स: प्रशियाचं प्रकरण घ्या, पण दुरुस्त करून वाचा

एमपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून नाशकात कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्यांकडे वैकल्पिक लोकप्रशासनाच्या स्पायरल नोट्स मिळू लागल्या आहेत. त्यातल्या एका संचातलं फक्त प्रशियाचं, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या बलाढ्य राज्याच्या कारभाराचं प्रकरण इथे घेतलंय. नोकरशाहीचा सिद्धांत मांडणारा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर ज्या नोकरशाहीबद्दल बोलतो ती त्याच्या डोळ्यांसमोरची होती, त्याचा जन्मच प्रशियातल्या एर्फुर्टचा (1864). त्यामुळे हे प्रकरण कच्चं राहिलं की वेबरवरचं उत्तर नुसतं मुद्दे मोजणारं होतं.

यातला नोकरीच्या पायऱ्यांचा तक्ता उत्तम आहे, एवढ्या एका पानासाठीही संच घ्यावा. 1879 च्या कायद्यानुसार वाट अशी: विद्यापीठात किमान तीन वर्षं कायदा, मग पहिली परीक्षा, दोन वर्षं न्यायालयात उमेदवारी, पुढची दोन वर्षं प्रशासनात ‘रेगीरुंग्सरेफरेंडार’ (प्रशिक्षणार्थी) म्हणून आणि शेवटी मोठी राज्य परीक्षा. ती पास झाली की ‘असेसर’ (कायम जागेची वाट पाहणारा अधिकारी), पुढे ‘रेगीरुंग्सराट’ (प्रशासनातला कायम वरिष्ठ अधिकारी). रेफरेंडारला पगार नसे, असेसरलाही बऱ्याचदा वर्षानुवर्षं थांबावं लागे. घरचा पैसा असलेलाच टिकायचा. गुणवत्तेची परीक्षा असूनही वरच्या जागा ठरावीक घरांत का राहिल्या, याचं उत्तर इथे आहे, आणि नोट्समध्ये ते ठळक केलंय हे फार बरं झालं. पुढे जर्मनीचा चान्सेलर झालेल्या बिस्मार्कचं उदाहरणही चपखल: 1836 ला आखेनमध्ये रेफरेंडार, 1839 ला नोकरीला रामराम.

आता चुका. पहिली पदनामांची. ‘रेगीरुंग्सप्रेझिडेंट’ला सरसकट जिल्हाधिकारी म्हटलंय. 1815 च्या रचनेत वर प्रांत आणि त्याचा ओबरप्रेझिडेंट, त्याखाली रेगीरुंग्सबेझिर्क आणि त्याचा रेगीरुंग्सप्रेझिडेंट, त्याखाली ‘क्राइस’ आणि त्याचा लांडराट. एका बेझिर्कमध्ये अनेक क्राइस. म्हणजे नाशिक रोडला बसणाऱ्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली जसे पाच जिल्हे, तशी रेगीरुंग्सप्रेझिडेंटची जागा. क्राइस आकाराने मात्र आपल्या तालुक्याच्या जवळचा. म्हणून लांडराटलाही डोळे झाकून कलेक्टर म्हणू नये. त्यातून तो बऱ्याचदा त्याच भागातला जमीनदार असे, आणि आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीशी ते अजिबात जुळत नाही. मूळ पदनाम देवनागरीत लिहून पुढे अर्धी ओळ खुलासा द्यावा, हेच सुरक्षित.

दुसरी चूक जास्त नुकसान करणारी. ‘1815 पासून एकच अधिकारी निर्णय घेई’ असं छापलंय. रेगीरुंगचं (बेझिर्कच्या प्रशासकीय कार्यालयाचं) काम तेव्हा मंडळ पद्धतीने चाले: राट, म्हणजे तिथले वरिष्ठ अधिकारी, एकत्र बसून मतांनी ठरवत. सामान्य कारभारात एकट्या प्रेझिडेंटकडे निर्णय आला तो 1883 च्या कायद्याने. वेबर मंडळ पद्धत आणि एकाधिकारी पद्धत वेगळी का काढतो, हे कळायला हाच बदल माहीत हवा. नोट्समधलं वाक्य तसंच उतरवलं तर पुढचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

‘राजकीय अधिकारी’ हा मुद्दा तर दोन ओळींत उरकलाय. ओबरप्रेझिडेंट, रेगीरुंग्सप्रेझिडेंट आणि लांडराट यांना सरकार हवं तेव्हा तात्पुरत्या निवृत्तीत पाठवू शके. 1899 ला प्रशियाच्या विधिमंडळात कालव्याच्या विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्या, सभासदही असलेल्या अधिकाऱ्यांवर हेच अस्त्र चाललं. तटस्थतेवरच्या प्रश्नात हे उदाहरण हमखास कामी येतं, ते समासात लिहून ठेवा.

छपाई पाठपोट आणि स्वच्छ आहे. बांधणी मात्र सदोष: तक्त्याचा सालांचा रकाना अगदी कडेला असल्याने स्पायरलची भोकं आकड्यांवरच पडतात आणि 1879 चं नुसतं ‘187’ उरतं. दुकानात तेच पान उघडून बघा. कापलेलं असेल तर स्पायरल न मारता सुटी पानं मागा आणि डावीकडे बोटभर जागा सोडून घरी पंच करा.