झेनच्या ब्लॉकचा तुटलेला कान: आर्गन वेल्डिंगनंतरचे अकरा महिने

गाडी २००३ ची झेन, घरातलीच. गेल्या वर्षी टायमिंग बेल्ट बदलून आणला आणि पंधरा-वीस दिवसांत पहिल्या गिअरला क्लच सोडला की पुढून 'ठक्' असा आवाज यायला लागला. शॉकअप, लोअर आर्म, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि बायकोला गाडी जरा पुढे-मागे करायला सांगितली. इंजिनच उडी मारत होतं! इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं ब्रॅकेट ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव धडाला, जिथे बसतं, तिथला खालचा कान, म्हणजे बोल्ट जातो तो भोकाचा उंचवटा, आट्यांसकट तुटून आला होता, आणि वरचा बोल्ट हाताने फिरत होता. बेल्टच्या कामानंतर तो कुणी आवळलाच नव्हता. सगळा भार एकाच कानावर आला. ओतीव अॅल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, सरळ तुकडाच पडतो.

गॅरेजवाल्याने हात वर केले आणि स्टीलची म्हणतात तसली एपॉक्सी, म्हणजे कडक होणारी गोंदाची लुगदी, थापून दिली. नऊ दिवस टिकली. गळती बुजवायला ती ठीक असेल, पण इंजिनचं वजन आणि हिसके पेलणाऱ्या जागी, तेही तेलकट धातूवर, तिच्याकडून अपेक्षा ठेवणं म्हणजे सुतळीने बैल बांधणं.

दुसरा पर्याय भंगारातला ब्लॉक. पण इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवर नोंद बदलायला आरटीओच्या फेऱ्या आल्या, आणि त्या जुन्या ब्लॉकची कुंडली कोण मांडणार? म्हणून इंजिन उतरवलं, छोटा हत्तीत घातलं आणि उद्यमनगरात नेलं. कोल्हापुरात राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा माणसानं.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी तुकडा हातात घेऊन वास घेतला. "एपॉक्सी लावलीया. आता हे सगळं खरवडायला लागणार." मी विचारलं, किती वेळ लागेल? "वेल्डिंग वीस मिन्टाचं हो, धुणं दोन तासाचं."

आणि खरंच तसंच झालं. आधी डिझेल, मग ब्रश, मग ग्राइंडर, तुटलेल्या कडेला दोन्हीकडून व्ही-खाच. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढे. म्हणून टिग, म्हणजे आर्गन वेल्डिंगचं, मशीन एसी करंटवर (दिशा बदलत राहणाऱ्या) ठेवायचं, म्हणजे करंटची उलटी बाजू तो पापुद्रा फोडत राहते. गॅस टॉर्चने ब्लॉकची ती बाजू शेकली, पाण्याचा थेंब टाकला, चर्र करून उडाला, तेव्हा काका बसले. पहिल्या टाक्यालाच धातूतून काळं बुडबुडत वर आलं. वीस वर्षांचं मुरलेलं तेल! मशीन बंद, पुन्हा ग्राइंडर. असं तीनदा. चौथ्यांदा चांदीसारखा स्वच्छ टाका पडला. भरायला ४०४३ची काडी, म्हणजे सिलिकॉन असलेली. ओतीव मालाला तीच मानवते.

मला सगळ्यात आवडलं ते भोकाचं गणित. काकांनी माझंच ब्रॅकेट वरच्या भोकात बोल्टने बसवलं, खालच्यात डमी बोल्ट घालून तुकडा जागेवर धरला आणि मगच टाके मारले. थंड झाल्यावर जुने आटे ड्रिलने काढून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं, घातलं. थंडही घाईने केलं नाही, वरून काचलोकर टाकून तसंच ठेवलं.

खर्च: वेल्डिंग आणि हेलिकॉइलचे ३,२०० रुपये. इंजिन उतरवणं-चढवणं, तेल, कूलंट आणि नवी माउंटिंग रबरं धरून एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास. रबरं बदलायची मला गरज वाटत नव्हती. जुनी काढल्यावर ती चपटी होऊन धातूला धातू लागलेला दिसला आणि गप्प बसलो.

आता अकरा महिने आणि साडेआठ हजार किलोमीटर झाले. त्यात तीन वेळा आंबा घाटातून रत्नागिरी, एकदा तर चौघं जण आणि आंब्याच्या सहा पेट्या. 'ठक्' परत आलेला नाही. बोल्टच्या डोक्यावरून कानावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवलीय. महिन्याला टॉर्च मारून बघतो. रेघ अजून जुळलेली आहे. सहाव्या महिन्यात डाय-पेनिट्रंटचा, म्हणजे भेगेत मुरणाऱ्या रंगाचा, स्प्रे आणून वेल्डवर मारला. लाल रेघ उमटली की भेग समजायची. उमटली नाही.

कुरकुर एकच. भोक केसभर सरकलंय. बोल्ट शेवटपर्यंत हाताने जात नाही, थोडा तिरका हट्ट करतो. एसी लावून सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. ती भोकाची की नव्या कडक रबरांची, यावर माझं आणि काकांचं एकमत नाही. वेल्ड दिसायलाही काही देखणा नाही, पण तो बघायला खाली वाकतोय कोण.

कुणी विचारलं तर करा म्हणेन, पण ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तरच हा अनुभव लागू. बिडाच्या ब्लॉकचं तंत्रच वेगळं, तिथे निकेलच्या काड्या लागतात. आणि भेग सिलिंडरच्या किंवा पाण्याच्या जॅकेटच्या दिशेने गेली असेल तर माझं ऐकू नका.

दिवाळीच्या आधी वॉटर पंप बदलायचाय, तेव्हा ते ब्रॅकेट पुन्हा निघणार. नव्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय, तो बोल्ट मी स्वतः आवळणार, टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, घरून आणून.