तिसरं औषध की कीटोजेनिक आहार?

नीट निवडलेली दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊनही मुलाच्या फिट थांबत नाहीत, तेव्हा घरात वाद ठरलेला: अजून एक गोळी, की भरपूर फॅट आणि अगदी कमी कर्बोदकं असलेला कीटोजेनिक आहार? (एमआरआयमध्ये एकाच जागी दोष दिसला असेल, तर आधी शस्त्रक्रियेचं विचारा.)

गोळी घेणं सोपं. पण २००० साली क्वान आणि ब्रॉडी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले आकडे बघा. पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या. तिसऱ्याने किंवा दोन औषधं जोडून जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. बहुतेक गोळ्या चेतापेशींच्या विजेला लगाम घालतात. बिघाड मात्र शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमध्येही असू शकतो. चेतापेशींभोवती साचलेलं पोटॅशियम आणि ग्लुटामेट (पेशींना उत्तेजित करणारं रसायन) उचलणं हे त्यांचं काम. ग्लुटामेटचं ग्लुटामिन करणारं एन्झाइम काही रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात खूप कमी आढळलं. झाडूवालाच रजेवर, तर कचरा साचणारच.

आहार दुसऱ्या टोकाने जातो: मेंदूचं इंधनच बदलतो. साखरेऐवजी फॅटपासून शरीरात बनणारे कीटोन. नेमका परिणाम कसा होतो, यावर एकमत नाही, पण परिणाम दिसतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, १४५ मुलांच्या चाचणीत तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या. आहार न घेणाऱ्यांत ६ टक्क्यांच्या. जवळपास पूर्ण थांबल्या त्या मोजक्यांच्याच.

आता कटकट. क्लासिक प्रकारात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर फॅट ४ ग्रॅम. प्रत्येक घास वजनकाट्यावर. खोकल्याच्या सिरपमधली साखरही हिशोबात धरायची. बद्धकोष्ठता, मुतखडा, वाढ मंदावणं हे धोके आहेतच.

तरी घरात काटा सांभाळणारं माणूस असेल, तर मी चौथ्या-पाचव्या गोळीआधी तीन महिने आहाराला देईन, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

काही मुलांबाबत मात्र चयापचयच निकाल देतो. ग्लुट-१ या ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेत ग्लुकोज मेंदूत पुरेसं पोचतच नाही. तिथे आहार हाच पहिला उपचार. फॅट जाळण्याची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असेल, तर तोच आहार जिवावर बेतू शकतो. उलट पोल्ग (POLG) नावाच्या जनुकात दोष असेल, तर व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या औषधाने यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून आहार असो वा गोळी, चयापचयाच्या तपासण्यांचं आधीच विचारून घ्या.