स्कूटरची बॅटरी नाना पेठेत उघडून घेतली, त्याचा रिव्ह्यू (आणि ओघात काश्मीरच्या लिथियमबद्दल)

ज्यांनी २०२१-२२ च्या आसपास हौसेने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि आता वॉरंटी संपलीय, रेंज निम्म्यावर आलीय, आणि शोरूमवाले नव्या बॅटरीचा आकडा सांगून मोबाईलमध्ये डोकं घालतात, त्यांच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

दुकानाचं नाव देत नाहीये. मालकानेच हात जोडले, म्हणाला ताई ऑनलाइन टाकू नका, आत्ताच पॅक ठेवायला जागा नाही. पण नाना पेठेत स्पेअर पार्टच्या लायनीत कुणालाही लिथियमवाला कुठे बसतो विचारा, सांगतील. गाडी लांब लावून चालत जा, तिथे पार्किंग शोधणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

तर माझी गाडी. ६० व्होल्ट ३० अँपिअर-अवर, म्हणजे साधारण १.८ युनिटची बॅटरी. नवीन होती तेव्हा धायरी ते कॅम्प जाऊन येऊन वर मंडईतून भाजी आणायला पुरायची. हल्ली जाताना ठीक, येताना स्वारगेटच्या पुलाचा चढ लागला की मीटरवर दोन काड्या दिसत असताना खटकन बंद, मागे हॉर्नवर हॉर्न, कडेला ढकलून पाच मिनिटं उभं राहिलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) दाखवली तर पॅक सीलबंद असतो मॅडम, आम्ही उघडत नाही, नवीनच घ्यावा लागेल, बेचाळीस हजार. अख्खी गाडी सबसिडी धरून सत्तर-बहात्तर हजाराला पडली होती हो.

या दुकानातली पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे पॅक तुमच्यासमोर उघडतात. "दोन दिवसांनी या, बघून सांगतो" वगैरे नाही. हातात रबरी मोजे, अंगठी-कडं काढून बाजूला, टेबलावर रबरी मॅट. झाकण निघालं तर आत १८६५० चे सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, आपल्या रिमोटच्या पेन्सिल सेलचे थोरले भाऊ. बारा-बारा सेलचे सतरा ग्रुप, पट्ट्यांनी जोडलेले, मध्ये तो करंट अडवणारा हिरवट बार्ली पेपर. दुकानातल्या दादाने मल्टीमीटर लावला आणि एकेक ग्रुपचा व्होल्टेज मार्करने कडेला लिहीत गेला. ३.९१, ३.९०, ३.९१, ३.९२ असं सगळं शहाण्यासारखं चाललं होतं आणि अकराव्या ग्रुपवर ३.४२. "हा बघा तुमचा चोर."

मग त्याने जे समजावलं ते इतक्या वर्षांत शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. गाडीचा मीटर सगळ्या पॅकचा मिळून व्होल्टेज बघतो म्हणून दोन काड्या दाखवतो, पण आतलं बीएमएस सर्किट प्रत्येक ग्रुपवर वेगळी नजर ठेवतं, आणि एक ग्रुप जरी खालच्या रेषेला टेकला तरी सगळा पॅक बंद करतं. चढावर मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे कमजोर ग्रुपचा व्होल्टेज आणखी कोसळतो, थांबलं की थोडा सावरतो. म्हणून पुलावर बंद आणि पाच मिनिटांनी चालू. सोळा ग्रुप चांगले, एकामुळे बेचाळीस हजारांचं बिल.

तो ग्रुप का मेला तेही दाखवलं. झाकणाची रबरी गॅस्केट एका कोपऱ्यात दबलेली, तिथून पाणी आत गेलेलं (पावसाळ्यात सिंहगड रोडने रोज जाणाऱ्यांनी यावर प्रश्न विचारू नयेत), आणि जोडणारी पट्टी शुद्ध निकेल नसून वरून निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड. पान्याच्या टोकाने खरवडलं तर खाली गंजच गंज. कंपनीने पट्टीत किती पैसे वाचवले असतील देव जाणे.

बारा सेल काढून दुसरे बारा घातले. नवे कोरे घाला म्हटलं तर नाही म्हणाला. बाकीच्यांची ताकद वयाप्रमाणे कमी झालेली असते, त्यात एकच तगडा ग्रुप बसवून उपयोग नाही, साधारण तेवढ्याच कपॅसिटीचे आणि तेवढ्याच इंटर्नल रेझिस्टन्सचे सेल मोजून लावावे लागतात. त्याच्याकडे असे ग्रेडिंग केलेले सेल आकडे लिहून ट्रेमध्ये लावलेले असतात. मग शुद्ध निकेलची पट्टी, स्पॉट वेल्डिंगचं टक्-टक्, नवी गॅस्केट, आणि सगळे ग्रुप एका पातळीवर येईपर्यंत हळूहळू चार्जिंग. बिल चार हजार आठशे. त्या एका ग्रुपवर सहा महिन्यांची गॅरंटी, छापील बिलावर हाताने लिहून. आता रेंज पन्नास किलोमीटरच्या आसपास मिळतेय, नव्यासारखी नाही, पण पुलावर बंद पडत नाही आणि मला तेवढंच हवं होतं.

वेळेच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद आहे. गुरुवार सांगून पुढच्या सोमवारी दिली. कारण विचारलं तर रात्री दुकानात कुणी नसताना एकही पॅक चार्जिंगला ठेवत नाही म्हणाला. यावर भांडता येईना.

आता लिथियम, ज्याच्यावर या बॅटऱ्या चालतात तो धातू. काउंटरच्या मागे पाटी आहे, पुण्यात असणारच: "लिथियम कधी स्वस्त होणार हे येथे विचारू नये." तरी लोक विचारतातच. मी बसले होते तेव्हा एक काका सांगत होते की काश्मीरला ५९ लाख टन सापडलंय, दोन वर्षं थांबा, बॅटऱ्या कांद्याच्या भावाने मिळतील. दादा काही बोलला नाही, माझ्याच पॅकमधला एक सेल काकांच्या हातात दिला आणि वरची चिनी अक्षरं दाखवली.

मला वाटतं बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. ती बातमी फेब्रुवारी २०२३ ची. जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात (वैष्णोदेवीचा जिल्हा तोच) सलाल-हैमाना भागात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ५९ लाख टनांचा अंदाज दिला. पण तो जी-३ पातळीचा, म्हणजे प्राथमिक अंदाज, आणि तोही खनिजाचा, शुद्ध लिथियमचा नव्हे. शिवाय ते आहे बॉक्साइटबरोबरच्या मातीत, आणि मातीतून लिथियम काढणं जगातही मोठ्या प्रमाणावर अजून कुणाला नीट जमलेलं नाही. ऑस्ट्रेलियावाले खडक फोडतात, चिली-अर्जेंटिनावाले खारं पाणी आटवतात. सरकारने रियासीचा ब्लॉक लिलावाला काढला, पुरेसे बोलीदार आले नाहीत म्हणून मार्च २०२४ मध्ये रद्द केला, परत काढला, परत तेच. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या मर्लागल्लाचा आकडा तर आधी १४,१०० टन सांगितला होता तो पुढे १,६०० टनांवर आला. छत्तीसगडमधल्या कोरबा जिल्ह्यातला कटघोरा ब्लॉक तेवढा जून २०२४ मध्ये खरंच लिलावात गेला, देशातला पहिला. आणि अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात काबिल या आपल्या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पाच ब्लॉक घेतलेत, तिथेही अजून शोधाशोधच.

बरं समजा निघालं. माझ्या पॅकमध्ये लिथियम असेल साधारण पाव किलो. बाजारात ते ज्या रूपात विकतात ते लिथियम कार्बोनेट धरलं तर सव्वा-दीड किलो, २०२४ च्या शेवटच्या भावाने हजार-बाराशे रुपयांचं. बेचाळीस हजारातले बाराशे! बाकीचे पैसे निकेल-कोबाल्टचे, शुद्धीकरणाचे, सेल बनवण्याचे, बीएमएसचे, आणि शोरूमच्या एसीचे. आणखी गंमत म्हणजे हेच कार्बोनेट चीनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला सहा लाख युआनच्या घरात होतं ते दोन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त कोसळलं, रियासीतून एक टोपलं माती न निघता. शोरूमचा आकडा तसूभर हलला का, नाही.

म्हणून खाण नको असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्याच्या हातात नाडी असली की काय होतं ते २०२५ मध्ये आपल्या आकुर्डी-चाकणलाच दिसलं. चीनने एप्रिलमध्ये रेअर अर्थच्या (मॅग्नेटला लागणाऱ्या खास धातूंच्या) निर्यातीवर निर्बंध आणले, मोटरचे मॅग्नेट येईनात, आणि ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं असं बजाजला जाहीरपणे सांगावं लागलं. ते लिथियमही नव्हतं. पण खाण म्हणजे पहिली पायरी, तिच्यापुढे शुद्धीकरण आणि सेलचा कारखाना या दोन पायऱ्या आहेत आणि जगातलं निम्म्याहून खूप जास्त शुद्धीकरण चीनमध्ये होतं. आपलं खनिज खणून तिकडे पाठवायचं आणि सेल होऊन परत आणायचं यात सलालच्या डोंगरांचं आणि चिनाबचं नुकसान तेवढं आपल्या वाट्याला येईल. सेलच्या कारखान्यांसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनाला प्रोत्साहन देणारी) सरकारी योजना आली, ५० गिगावॉट-अवरचं उद्दिष्ट होतं, पण दादाच्या ट्रेमधले सेल अजून तिकडचेच. त्यापेक्षा पुण्यातच केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही संशोधन संस्था मिळून सोडियम-आयन बॅटरीवर (लिथियमऐवजी मिठातलं सोडियम) जे काम करतायत (डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ते समोर आणलं) त्याकडे माझं जास्त लक्ष आहे, मिठाला निदान कुणी निर्यातबंदी घालणार नाही.

परत दुकानाकडे. काही गोष्टी जाणार असाल तर माहीत असू द्या. फुगलेला, आपटलेला किंवा पुराच्या पाण्यात बुडालेला पॅक तो घेत नाही, कितीही गळ घाला. २०२२ मध्ये लोहगावला भर रस्त्यात स्कूटर पेटली तो व्हिडिओ पुण्यात सगळ्यांनीच बघितलाय, त्यानंतर एआयएस-१५६ चे (गाडीच्या बॅटरीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे) नियम कडक झाले, आणि असा बाहेर उघडलेला पॅक त्या प्रमाणपत्राच्या बाहेर जातो हे दादा काम घेण्याआधीच स्पष्ट सांगतो. वॉरंटी चालू असेल तर मुळीच जाऊ नका, तीही जाईल. इन्शुरन्सवाल्यांशीही वाद होऊ शकतो. आणि यूट्यूब बघून घरी पॅक उघडण्याचा विचार असेल तर तो सोडा, पान्याने शॉर्ट झालं तर हात भाजेपर्यंत कळत नाही. नवीन गाडी घेणाऱ्यांना त्याचा सल्ला एवढाच की टचस्क्रीन किती इंची ते नंतर बघा, आधी बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत का ते विचारा. एलएफपी थोडे जड असतात पण तापायला सोशिक आणि जास्त वर्षं टिकतात.

वागणूक चांगली. वडील आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या करायचे, ते अजून गल्ल्यावर बसतात आणि जीएसटीचं बिल न मागता देतात.

खटकलं ते एकच, म्हणून पाचपैकी चार. दारामागे वाळू घातलेला मोठा ड्रम आहे, काढलेले मेलेले सेल त्यात. खरंतर खरी खाण ती आहे, लिथियम, निकेल, कोबाल्ट सगळं खणून शुद्ध होऊन नाना पेठेपर्यंत आलेलंच आहे. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय, रिसायकलिंगसाठी केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये दीड हजार कोटींची योजनाही मंजूर केलीय. मी विचारलं, माझे बारा कुठे जाणार? "एक माणूस येतो ताई, किलोवर घेऊन जातो." कुठला माणूस, पुढे कुठे नेतो, याची पावती वगैरे काही नाही. इतका काटेकोर माणूस, व्होल्टेज दोन दशांशापर्यंत लिहितो, तर त्या ड्रमचीही एक वही ठेवायला हरकत नाही. तुम्ही गेलात तर तुम्हीही विचारा, चारचौघांनी विचारलं की ठेवेल.