गाठ की गळू? आधी तारीख आठवा

कातडीखाली काही हाताला लागलं की बोट आपोआप तिथे जातं आणि दाबादाबी सुरू होते. ती थांबवा आणि एवढंच आठवा: हे कधीपासून आहे?

महिनोन्महिने असेल, दुखत नसेल, बोटाखाली जरा सरकत असेल, तर बहुधा सिस्ट. ही अस्तर असलेली बंद पिशवी. त्वचेतल्या नेहमीच्या सिस्टमध्ये केराटिन, म्हणजे त्वचा-नखांमधलं प्रथिन, साठतं. पांढरट, कुबट वासाचा लगदा. मधोमध बारीक काळा ठिपका दिसला तर शंका जवळपास मिटतेच.

गळू दोन-चार दिवसांत वर येतं. लाल, गरम, आणि ठणका असा की त्या कुशीवर झोपता येत नाही. मुळाशी जंतुसंसर्ग, बरेचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. मधला भाग मऊ पडला की आपण म्हणतो, पिकलं. आत पू साठलेला असतो आणि त्या पोकळीत रक्त पोचत नाही, म्हणून रक्तातून येणारं औषधही नीट पोचत नाही. नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस काढणारे इथेच फसतात. मोठ्या गळवाला चीर देऊन पू काढावाच लागतो. ठणका बहुतेकदा तिथेच उतरतो.

खरा घोळ जुन्या सिस्टचा. वर्षभर गप्प असलेली गाठ अचानक लाल होऊन ठसठसू लागते. पिशवी आतल्या आत फुटून केराटिन बाहेर सांडलं, तरी असं होतं. कधी जंतूही शिरतात. अशा वेळी ‘आजच मुळासकट काढा’ हा हट्ट नको. सुजलेल्या जागी पिशवी अखंड निघत नाही, आणि अस्तराचा तुकडा राहिला की गाठ परत येते. आधी पू असल्यास निचरा, सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी पिशवी, हाच क्रम बरा.

शांत सिस्ट काढायची की नाही, हे तुमच्या सोयीवर. मात्र ती सिस्टच आहे हे एकदा डॉक्टरांकडून कळू द्या. टणक, न हलणारी, भराभर वाढणारी गाठ तर लगेच दाखवा.

लहान गळवाला ओला गरम शेक, 10-15 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सुई, नखं लांब ठेवा. ताप आला, लाली पसरू लागली, मधुमेह असेल किंवा गळू नाकाओठाजवळ वा गुदद्वारापाशी असेल, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.