ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, दोन वर्षं वापरल्यानंतर

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो, हे गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. माझ्या गाडीत तो पहिल्यांदा लागला तेव्हा मी सरळ गॅरेजला गेलो, त्यांनी मशीन लावलं, दोन मिनिटांत सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) गेलाय, पूर्ण बदलावा लागेल. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असले महाग धातू असतात त्यामुळे पार्ट स्वस्त नसतोच, आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली आणि त्याच रात्री असा एक स्कॅनर मागवला. त्या बिलाच्या मानाने याची किंमत काहीच नव्हती. आता दोन वर्षं होऊन गेली, म्हणून नीट लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी-२ पोर्ट म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला त्यानंतर, म्हणजे फार जुनी गाडी नसेल तर तुमच्याकडेही असणारच. स्कॅनर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, तो त्यात खोचायचा, इग्निशन ऑन करायचं, मोबाईलच्या ब्लूटूथला जोडायचं, अ‍ॅप उघडायचं, बस. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे जे कोड साठवून ठेवतो ते स्क्रीनवर दिसतात.

आधी माझी चूक सांगतो, कारण ती बरेच जण करतात. मी सगळ्यात स्वस्त घेतला. या सगळ्या डब्यांच्या मुळाशी ईएलएम३२७ नावाची चिप आहे, तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपी होऊ नये असं संरक्षणच नव्हतं, त्यामुळे बाजारात नकला भरपूर आणि बॉक्सवर छापलेल्या व्हर्जन नंबरला काही अर्थ नाही. माझा पहिला डबा कोड वाचायचा पण लाइव्ह डेटाला (इंजिन चालू असतानाचे बदलते आकडे) बसला की रडायचा, चार-पाच गोष्टी एकदम मागितल्या की आकडा दोन-दोन सेकंदांनी हलायचा आणि मधेच कनेक्शन तुटायचं. महिनाभरात वैतागून थोडा बरा घेतला, ज्याला ऑन-ऑफचं बटण आहे, आणि हा रिव्ह्यू त्या दुसऱ्याचा आहे. आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, साधा जुना ब्लूटूथवाला डबा आयफोनला चालत नाही, वायफायवाला किंवा बीएलई (कमी बॅटरी खाणारं नवं ब्लूटूथ) लिहिलेलाच घ्या, अँड्रॉइडला तो प्रश्न नाही. अ‍ॅपसाठी सुरुवातीला पैसे घालवू नका, फुकटातल्या अ‍ॅपमध्ये कोड वाचणं, पुसणं आणि ग्राफ एवढं मिळतं आणि तेवढं पुष्कळ झालं.

आता मूळ गोष्टीवर येतो. कोड निघाला पी०४२०. याचा अर्थ गॅरेजवाल्याने सांगितला तसा 'कन्व्हर्टर बदला' असा नाही, याचा अर्थ एवढाच की कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली गेल्यासारखं कॉम्प्युटरला वाटतंय. आणि कॉम्प्युटरला कसं कळतं तर कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक असतो, आधीच्या म्हणजे पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली होत असतं, कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहतं, आणि मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर दिवा लावतो. मी दोन्हीचे ग्राफ एकाखाली एक लावून बघितले तर मागचा नाचत होता. म्हणजे गॅरेजवाला बरोबरच दिसत होता, मी खरं सांगतो मला तेव्हा वाटलं की आता खर्च टळत नाही.

तरी दुसऱ्या एका मेकॅनिकला दाखवायचं ठरवलं, आणि इथे खरा फरक पडला. त्याला मी 'दिवा लागतोय' असं न सांगता कोड, ग्राफचे स्क्रीनशॉट आणि फ्रीझ फ्रेम दाखवली. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, कूलंट किती गरम, हे सगळं गाडी जपून ठेवते आणि बरेच लोक कोड वाचून ती न बघताच पुसून टाकतात, असं करू नका. त्याने ते बघितलं, मला म्हणाला गाडी रात्रभर इथेच ठेवा, सकाळी थंड असताना स्टार्ट करू. सकाळी स्टार्ट केल्या केल्या खालून फट् फट् असा बारीक आवाज, गाडी गरम झाली की तो कमी व्हायचा म्हणून मला कधी ऐकूच आला नव्हता. सायलेन्सरच्या पाइपच्या जॉइंटची गॅस्केट गेली होती, मागच्या सेन्सरच्या आधीच. धूर तिथून बाहेर येतो तशी दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं ऑक्सिजन वाढलाय. त्याने रेस देऊन ग्राफ दाखवला, आयडलला (रेस न देता नुसतं इंजिन चालू असताना) नाचणारी रेषा २५०० आरपीएमला बऱ्यापैकी सरळ झाली. गॅस्केट आणि नट-बोल्ट बदलले, कोड पुसला, तेव्हापासून तो परत आलेला नाही.

म्हणून या वस्तूबद्दल माझं मत असं की तो दुखतंय कुठे ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही. कोड बघून पार्ट मागवणाऱ्यांचे पैसे वाया जातात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आता ते हवेच्या पाइपला चीर गेल्यामुळे असेल, घाण झालेल्या एअरफ्लो सेन्सरमुळे असेल नाहीतर फ्युएल पंप थकल्यामुळे असेल, तिन्हीचा कोड एकच. तिथे फ्युएल ट्रिम बघायचं, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती वाढवतोय (प्लस) की कमी करतोय (मायनस) तो आकडा. आयडलला ते खूप प्लसमध्ये आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर बहुतेक हवा चोरून आत येतेय, उलट जास्त रेसला वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये. एवढं कळलं तरी गॅरेजमध्ये आपण काय विचारायचं ते कळतं.

मिसफायरच्या (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याच्या) बाबतीत मात्र हा डबा एकटाच पुरला. मागच्या पावसाळ्यात गाडी चढावर झटके मारायला लागली, कोड पी०३०३, म्हणजे ३ नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. मी काय केलं, इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन ३ ची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) १ ला लावली, १ ची ३ ला, कोड पुसला आणि चक्कर मारून आलो. आता कोड पी०३०१. कॉइलबरोबर दोषही सरकला म्हणजे दोष कॉइलचाच, प्लग आणि इंजेक्टर ठीक आहेत. एक कॉइल आणली आणि स्वतः बसवली. यात एक गोष्ट फार महत्त्वाची, दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि चालवताना लुकलुकणं वेगळं. लुकलुकत असेल तर मिसफायर एवढा जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होऊ शकतो, तेव्हा गाडी हळू बाजूला घ्या, पुढच्या गॅरेजपर्यंत दामटवू नका. वेळेत थांबलं तर एका कॉइलवर भागतं.

रोजच्या वापरात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फार साधी आहे, बॅटरीचं व्होल्टेज. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलीय. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.७ ते १४.७ दिसायला पाहिजे. माझं एक दिवस हेडलाइट आणि एसी लावून १२.९ च्या वर जाईना, तेव्हाच अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) दाखवला आणि रस्त्यात अडकायचं वाचलं. (काही नव्या गाड्या इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे एकाच आकड्यावरून घाबरू नका, आठवडाभर बघा.) तसंच कूलंट. पुष्कळ गाड्यांच्या डॅशवरचा काटा बराच फरक पडला तरी मधेच ठेवलेला असतो, इथे खरे अंश दिसतात. साधारण ८५ ते १०५ मध्ये असेल तर निवांत राहा, ट्रॅफिकमध्ये चढतच चाललाय आणि फॅन लागत नाही असं दिसलं तर काटा लाल होईपर्यंत वाट बघू नका.

स्पीडबद्दलही एक सांगतो कारण दंडाशी त्याचा संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालतो, तोही खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इथपर्यंत. त्यामुळे स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा स्कॅनरवर बऱ्याचदा ९५-९६ दिसतं. हे बघून कोणी 'मग अजून पाच वाढवायला हरकत नाही' असं मनात आणू नका. टायर मूळ मापापेक्षा मोठे टाकलेले असतील तर खरा वेग दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त असू शकतो आणि कॅमेरा खराच वेग मोजतो. आणि चालवताना मोबाईलचे ग्राफ बघत बसायचे नाहीत. मी रेकॉर्डिंग चालू करून ठेवतो, गाडी थांबली की बघतो, नाहीतर शेजारी बसलेल्याला बघायला सांगतो. मोबाईल हातात धरून चालवण्याचा दंड बहुतेक सगळीकडे आहेच, पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

काय जमत नाही ते. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे हा वाचत नाही, माझ्या गाडीत तरी नाही, त्याला त्या त्या कंपनीची भाषा कळणारं मशीन लागतं. कोडमध्ये पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे आतलं नेटवर्क, आणि स्वस्त डब्यांची सगळी धाव पी पर्यंत. त्यातही पी च्या लगेच नंतरचा आकडा १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड, अ‍ॅप त्याचा काहीतरी भलताच अर्थ दाखवू शकतं, तो आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा. ब्रेक पॅड किती उरलेत, टायर किती झिजलाय, ऑइल किती काळं पडलंय, शॉकअप गळतोय का, यातलं काहीच त्याला दिसत नाही. बोनेट उघडणं आणि वाकून खाली बघणं सुटत नाही.

डबा लावून ठेवायचा नाही हेही सांगायला पाहिजे. १६ नंबरच्या पिनला चावी काढली तरी बॅटरीचा करंट येत राहतो. डबा ४० मिलिअँपिअर जरी खात असेल तरी दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर होतो, वर गाडीचं स्वतःचं खाणं वेगळं, म्हणजे दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरायला तेवढं बस होतं. शिवाय बऱ्याच डब्यांचा ब्लूटूथ जोडायचा पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो, शेजारच्या गाडीतल्यालाही जोडता येईल. काम झालं की मी काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतो. बटण दोन वर्षांत थोडं ढिलं झालंय, बाकी तक्रार नाही.

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हा खिशात घेऊनच जावं. गेल्या वर्षी मामेभावाबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो, आतून-बाहेरून चकाचक, दिवा नाही, कोड एकही नाही. पण अ‍ॅपमध्ये रेडीनेस मॉनिटर म्हणून एक पान असतं, त्यात गाडीने स्वतःच्या कोणकोणत्या तपासण्या पूर्ण केल्यात ते दिसतं, तिथे जवळजवळ सगळंच 'अपूर्ण' होतं. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या तपासण्या शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं वेगवेगळं चालवणं लागतं, थंड स्टार्ट, हायवे, ट्रॅफिक असं सगळं. मालकाला नीट विचारलं तर म्हणाले कालच बॅटरी बदलली, आणि ते खरंही असू शकतं, नवी बॅटरी दिसत होती. आम्ही भांडलो नाही, फक्त एवढंच म्हटलं की आठवडाभर तुम्ही नेहमीसारखी चालवा, आम्ही परत येतो. नऊ दिवसांनी परत लावलं तर मॉनिटर पूर्ण आणि पी०४२० चा कोड आलेला. पण या वेळी त्याचा पुढचा प्रश्न काय विचारायचा ते आम्हाला माहीत होतं, मालकांना म्हटलं आधी थंड गाडी स्टार्ट करून पाइपचे जॉइंट बघू. जॉइंट सगळे कोरडे आणि घट्ट निघाले, आवाजही नाही, म्हणजे इथे कन्व्हर्टरवरच संशय जात होता. मालकांनी किमतीतून तेवढी रक्कम कमी करायची तयारी दाखवली, मामेभावाने दोन दिवस विचार केला आणि गाडी घेतली.