आईच्या आईच्या आईची ओळ: संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए चाचणीचा माझा अनुभव

आजी गेली तेव्हा तिच्या आईचं नाव फक्त माझ्या आईला ठाऊक होतं. त्या पणजीच्या आईचं नाव कोणालाच सांगता आलं नाही. वडिलांकडची सात-आठ नावं मी घडाघडा म्हणून दाखवतो, आईकडे तिसऱ्या बाईपाशीच अडतो. ही चाचणी मी त्या एकाच रुखरुखीपोटी केली. आरोग्याचा अहवाल किंवा 'तुम्ही इतके टक्के अमुक' असली वर्तुळं मला नको होती.

आधी केलेली चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्यांदा मी स्वस्तातली चाचणी घेतली. तिच्यात मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा एक छोटा तुकडाच वाचतात. आपल्या पेशींतल्या या गोल डीएनएत साधारण १६,५६९ अक्षरं (ए, सी, जी, टी या चारपैकी) असतात आणि तो आईकडूनच मुलांना मिळतो. स्वस्त चाचणी त्यातली काहीशे अक्षरं वाचून गटाचा अंदाज बांधते. गट म्हणजे एकाच दूरच्या आईपासून आलेले, अक्षरांतले तेच बदल वाहणारे लोक. माझ्या अहवालात आलं: 'एन, पुढचा भाग अस्पष्ट'. एन ही प्रचंड मोठी शाखा, युरोपापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिच्या फांद्या. म्हणजे हाती काहीच लागलं नाही. का अस्पष्ट, हे विचारल्यावर 'नमुन्याचा दर्जा' एवढंच उत्तर मिळालं.

खरं कारण नंतर कळलं. १६१८४ ते १६१९३ या जागांवर सी हे अक्षर ओळीनं येतं, मध्ये १६१८९ला एक टी असतो. तो टी वाचणाऱ्या यंत्राला टेकू देतो. माझ्याकडे तिथेही सी आहे. मग दहा सी सलग येतात, जुन्या पद्धतीच्या वाचनात तिथे पाय घसरतो आणि पुढची सगळी अक्षरं एकमेकांवर चढतात. माझ्या गटाची ओळख पटवणारे पुढचे दोन बदल, १६२२३ आणि १६२७८, नेमके त्या घसरणीच्या पलीकडे. नमुना चांगला होता, पद्धत अपुरी होती, आणि हे त्यांनी सांगायला हवं होतं.

दुसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीकडे संपूर्ण वाचनाची चाचणी केली. हे परीक्षण तिचं आहे. दोन्ही कंपन्यांची नावं देत नाही, कारण मला चाचणीच्या प्रकाराबद्दल बोलायचं आहे.

किट साधं आहे. दोन स्वॅब, दोन छोट्या ट्यूब, ट्यूबमध्ये नमुना टिकवणारं द्रव. तासभर काही खायचं-प्यायचं नाही, मग गालाच्या आतून मिनिटभर स्वॅब घासायचा. ट्यूबच्या तोंडाशी स्वॅबचं टोक मोडताना जपा, माझं पहिलं टोक टेबलाखाली उडालं आणि राखीव स्वॅब कामी आला. निकालाला सांगितल्यापेक्षा तीन आठवडे जास्त लागले. मधल्या काळात एकही मेल नाही. हा एक गुण मी कापतो.

निकाल: एक्स२.

मी ते अक्षर बघत बसलो. एक्स ही एनचीच एक फांदी, आईकडच्या गटांतला विरळ गट. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका मिळून बघितलं तर शंभरात जेमतेम दोन जण. आपल्या उपखंडात तर फारच क्वचित. बहुतेकांचा गट एम, नाहीतर आर किंवा यू यांची एखादी शाखा.

याची गोष्ट मला अहवालापेक्षा २००३च्या एका शोधनिबंधातून जास्त कळली. तो खास एक्सच्या उगमावर आणि प्रसारावरच आहे. या गटाच्या दोन मुख्य फांद्या. एक्स१ मुख्यतः उत्तर आणि पूर्व आफ्रिकेत. एक्स२ मात्र पश्चिम आशियातून हिमयुगाच्या कडाक्याच्या सुमारास आणि त्यानंतर पसरला, पण विरळ, मुठीतून दाणे सांडावेत तसा. बहुतेक ठिकाणी एक-दोन टक्के, आणि मध्येच स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर किंवा जॉर्जिया देशात सात-आठ. इस्रायलमधल्या गॅलिलीच्या ड्रूझ या धार्मिक समाजात तर एक्सच्या वेगवेगळ्या शाखा एकाच ठिकाणी नांदताना दिसतात. इतरत्र पुसला गेलेला जुना विविधपणा तिथे शिल्लक राहिला असावा, असं २००८च्या अभ्यासात मांडलं आहे. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांतही एक्स२ सापडला आहे. बियाण्यांबरोबर या बायाही चालत गेल्या असणार, हे वाचताना मला आजीचे हात आठवले.

आणि मग अमेरिका. एक्स२ए ही शाखा उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत आहे, ओजिब्वे लोकांत तर साधारण चौथा हिस्सा. युरोपात एक्स आहे, अमेरिकेतही आहे, म्हणून काहींनी हिमयुगात अटलांटिक ओलांडून माणसं गेल्याची कल्पना मांडली. पण एक्स२ए युरोपात किंवा पश्चिम आशियात मिळालेला नाही. शिवाय १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी केनेविक इथे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला होता. २०१५ साली त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा तो निघाला एक्स२ए, तोही त्या शाखेच्या बुडाशी. म्हणजे या शाखेचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा अटलांटिकच्या नव्हे, पॅसिफिकच्या बाजूला. तिथल्या आदिवासी जमातींनी २०१७ साली आपल्या त्या पूर्वजाला पुन्हा मातीत ठेवलं.

आता माझी मुख्य तक्रार. कंपनीच्या अहवालात एक देखणा नकाशा आहे. त्यावर पश्चिम आशियातून निघालेला जाड बाण थेट अमेरिकेत जातो आणि खाली लिहिलंय, 'तुमच्या पूर्वजांचा प्रवास'. हे चूक आहे. माझ्याकडे एक्स२एचे बदल नाहीत. ती चुलत शाखा, हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली. अख्ख्या गटाचा नकाशा प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावावर चिकटवायचा आणि त्याला 'तुमचा' म्हणायचं, हे मला पटत नाही. माझ्या पुतण्यानं तो नकाशा पाहून शाळेत 'आमचे पूर्वज अमेरिकेत गेले होते' असं सांगितलंही. त्याला समजावायला एक संध्याकाळ गेली. मी कंपनीला सविस्तर लिहिलं, उत्तर सभ्य आलं, नकाशा अजून तसाच आहे.

मग ही चाचणी घ्यावी का? घ्यावी. नकाशासाठी नाही, कच्च्या फाइलसाठी, म्हणजे वाचलेल्या अक्षरांच्या मूळ नोंदीसाठी. ती उतरवून घेण्याचं बटण शोधावं लागतं, पण फाइल पूर्ण आहे. ६३७१, १४४७०, १६२७८ हे एक्सचे बदल, १९५ आणि १७१९ हे एक्स२चे, सगळे स्वच्छ दिसतात. ती फाइल हॅप्लोग्रेप नावाच्या मोफत साधनात टाकून मी गट स्वतः तपासला, तोच आला. पहिल्या अहवालानंतर विश्वास उडाला होता, तो इथे परत बसला.

फाइलच्या शेवटी दोन बदल उरतात. ते कुठल्याच नोंदलेल्या शाखेत बसत नाहीत. कंपनीच्या 'जुळणाऱ्या व्यक्ती' या पानावर माझ्यापुढे शून्य आहे. आधी वाईट वाटलं. मग हिशेब केला: संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनएत ढोबळमानानं साडेतीन हजार वर्षांत एक बदल होतो. दोन म्हणजे सरासरीनं सात हजार वर्षं, हजारो वर्षं इकडे किंवा तिकडे. तेवढा काळ एकीच्या पोटी दुसरी, तिच्या पोटी तिसरी, एकही खंड न पडता. एखादी आई मुलीशिवाय गेली असती तर हे दोन बदल कोणाच्या फाइलमध्ये आलेच नसते. गट विरळ होतात ते बरेचदा असेच. कुठलं विशेष संकट लागत नाही, दोन-तीन पिढ्या मुली झाल्या नाहीत की पुरतं. आमच्याकडे आईला आम्ही दोघे भाऊ, मावशीला मूलबाळ नाही. आजीची ओळ आमच्यापाशी थांबते. माझ्या मुलीकडे तिच्या आईचा डीएनए आहे.

एक सूचना मनापासून. ही फाइल उघड्यावर टाकू नका. संपूर्ण वाचनात आजाराशी संबंधित जागाही येतात. उदाहरणार्थ ११७७८चा बदल दृष्टी जाण्याशी निगडित आहे, १५५५चा बदल काही प्रतिजैविकांमुळे येणाऱ्या बहिरेपणाशी. आणि फाइल तुमची एकट्याची नसते, तुमच्या आईची आणि मावशीचीही जवळपास अक्षरशः तीच असते. मी स्वॅब घासण्याआधी आईला विचारलं होतं. कंपनीच्या संमतीपत्रात याबद्दल एक ओळही नाही, असायला हवी. नमुना नष्ट करून घेण्याची सोय मात्र आहे, आणि ती खात्यात लगेच सापडते.

पाचपैकी साडेतीन. वाचन उत्तम, कच्ची फाइल उत्तम, नकाशा दिशाभूल करणारा, संवाद तोकडा.

आईची एक मावसबहीण आहे, आजीच्या बहिणीची मुलगी. तिला मुलगी आहे, आणि आता नातही झाली. त्या मावशीला मी सगळं फोनवर समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आजीचं असेल तर घे बाबा, काय हवं ते घे." ते दोन बदल तिच्यातही असतील तर पणजीकडे ते होते हे नक्की होईल. तिची ट्यूब प्रयोगशाळेत पोचल्याचा मेल परवा आला.