टॉवर की बुकशेल्फ? दहा महिन्यांचा अनुभव

दिवाळीत फ्रंटला (पुढच्या डाव्या-उजव्या जागी) जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर घेतले, जोडी ४२ हजारांची. आठव्या महिन्यात डाव्याचा वूफर, म्हणजे त्यातला बेसचा भाग, खरखरायला लागला. सर्व्हिसवाल्याचा पहिला प्रश्न, "मूळ खोका आहे का?" खोका नव्हता. वॉरंटी असूनही १९ किलोचं ते धूड मीच टेम्पोने पोचवलं आणि "पार्ट यायचाय" एवढंच पाच आठवडे ऐकलं. तो राग अजून आहे.

तोवर माळ्यावरचे जुने बिनपोर्टचे (खोक्याला हवेचं भोक नसलेले) छोटे बुकशेल्फ स्पीकर काढून जोडले. पहिल्याच संध्याकाळी तबलावादनाचं रेकॉर्डिंग लावलं आणि हातातलं काम सोडून बसले. मनगट दाबत नेलं की डग्ग्याचा सूर कसा चढत जातो, ते नीट ऐकू येत होतं. टॉवरवर तिथे आठ महिने नुसतं "बुम्" होतं आणि मी त्यालाच भरदार बेस समजत होते.

सगळा घोळ टॉवरच्या मागच्या पोर्टचा, म्हणजे बेस वाढवणाऱ्या भोकाचा. ठाण्यातला आमचा हॉल १० बाय १४ फूट. टॉवर भिंतीपासून जेमतेम चार इंचांवर, कारण पुढे ओढले तर गॅलरीचं दार उघडत नाही. भिंत बेस वाढवते. त्यात हॉलच्या १४ फूट लांबीमुळे होणारा घुमारा ४० हर्ट्झच्या (खोल बेसच्या) आसपास, १० फुटांचा ५६च्या. पोर्टचा जोरही तिथेच.

टॉवर परत आल्यावर पोर्टात मोज्यांची गुंडाळी कोंबली, एव्हीआरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये) टॉवरना "स्मॉल" सेटिंग करून ८० हर्ट्झखालचं सबवूफरकडे (फक्त खालच्या बेसच्या वेगळ्या स्पीकरकडे) दिलं. बराच फरक पडला. टॉवर वाईटच, असं मी ठरवून टाकलं होतं, ते मागे घेते. पण खालचं काम सबच करणार, तर त्या उंच खोक्याचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? टॉवरची सेन्सिटिव्हिटी ३ डीबीने जास्त, म्हणजे तेवढ्याच आवाजाला अ‍ॅम्पची निम्मी पॉवर पुरते, हे खरं. आमच्याकडे व्हॉल्यूम निम्म्याच्या वर जातच नाही.

बुकशेल्फ घेणार असाल तर स्टँडचा खर्च धरा. तयार जोडीचे सात हजार सांगितले. मी फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचे १९०० रुपयांत करून घेतले, आत कोरडी वाळू भरली. उंची ठरवताना सोफ्यावर बसून जमिनीपासून कानापर्यंत टेप लावली. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा भाग) त्या रेषेत हवा.

टॉवर साताऱ्याला ताईकडे दिले. तिचं माजघर ऐसपैस. भिंतीपासून अडीच फूट पुढे ठेवले, पोर्टातले मोजे काढले आणि तेच रेकॉर्डिंग लावलं. डग्ग्याचा चढता सूर तिथे स्वच्छ ऐकू आला.